ब्लॉग चालू ठेवून कथा लिहिणं कुणाला जमलंय का?

नायगावकरीण

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन वाचा.

मी नायगावच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळीत वाढले, लग्नानंतर कल्याणला आले, ऑफिस लोअर परळला. काही वर्षांपासून गिरणगावावर ब्लॉग लिहिते, दर रविवारी एक पोस्ट. चाळी, गिरण्या, गोविंदा, नळावरची भांडणं, काय मिळेल ते. सुरुवातीला माहेरचे लोक सोडून कुणी वाचत नव्हतं, आता बरेच वाचतात, म्हणजे आमच्या चाळीतून उठून विरारला, अंबरनाथला, काही तर ऑस्ट्रेलियाला गेलेले. आणि आता टॉवरसाठी चाळी पाडतायत ना, त्यामुळे सगळ्यांना एकदम सगळं आठवायला लागलंय. वरळीच्या बीडीडीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ लोकांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या तेव्हापासून तर मला रोज मेसेज येतात, अमुक लिही तमुक लिही, आमच्या मजल्यावरच्या गणपतीचं राहिलं, वगैरे.

प्रॉब्लेम असा की मला मुळात कथा लिहायच्या होत्या. ब्लॉग सुरू केला तो "हात चालू राहावा" म्हणून. आता हात एवढा चालू झालाय की कथेला बसले तरी तो ब्लॉगच लिहितो. खरं सांगते, माझं पात्र खोलीत शिरलं की मी लगेच खोलीचं क्षेत्रफळ सांगायला लागते. १६० चौरस फूट, मजल्यावर वीस खोल्या, तळमजला अधिक तीन, संडास टोकाला, इंग्रजांनी १९२० च्या दशकात बांधल्या, हे सगळं सांगून होईपर्यंत बिचारं पात्र दारातच उभं.

त्यात आजीचं प्रकरण. आजीची खानावळ होती, गिरणीत कामाला असलेले, घरदार गावाकडे ठेवून आलेले बाप्ये तिच्याकडे जेवायचे. तिच्यावर कथा लिहायचं माझ्या डोक्यात कॉलेजपासून आहे. मागे एका रविवारी दुसरा विषय सुचेना म्हणून तिच्यावर पोस्ट टाकली. खानावळवाल्या बायका, सावकाराच्या व्याजात कशा अडकायच्या, मग १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, असं सगळं. पोस्ट तुफान चालली, आत्याला ती तिच्याच सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवली, माझं नाव काढून! पण त्यानंतर कथा बसली ती बसलीच. फाइल उघडते, बघते, बंद करते.

तर विचारायचं हे की तुम्ही दोन्ही कसं सांभाळता? वेळ कसा काढता? ब्लॉग बंद करावा का काही दिवस? आणि एकच विषय दोन्हीकडे चालतो का?

बदलापूर_स्लो

वेळेचं मी सांगतो बाकीचं मोठे लोक सांगतील. कथा आधी आणि ब्लॉग नंतर, एवढाच नियम. ब्लॉग दमलेल्या डोक्याने पण लिहिता येतो, माहिती असते फोटो असतात वाचणारे ओळखीचे असतात, कथेला ताजं डोकं लागतं, आणि आपण करतो उलटं, सुट्टीच्या दिवशी सकाळी फ्रेश डोक्याने ब्लॉग आणि रात्री साडेअकराला डोळे मिटत असताना कथा.

अँथनी ट्रोलप म्हणून इंग्रज कादंबरीकार होता एकोणिसाव्या शतकातला, तेहतीस वर्षं पोस्टखात्यात नोकरी. त्याने आत्मचरित्रात सगळा हिशोबच दिलाय. पहाटे साडेपाचला टेबलाशी, घड्याळ समोर, दर पाव तासाला २५० शब्द. उठवायला एक नोकर होता त्याला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जास्तीचे द्यायचा. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे पोस्टाच्या कामासाठी सारखं ट्रेनने फिरायला लागायचं तर मांडीवर ठेवायला एक छोटी फळी करून घेतली आणि डब्यात बसून पेन्सिलीने कादंबरी लिहायचा. घरी बायको साफ प्रत काढायची.

मी मोबाइलवर लिहितो. बदलापूर ते भायखळा, जाताना फक्त कथा. येताना काहीही.

सँडहर्स्ट_रोड

ट्रोलपला सकाळी ठाण्यापासून पुढे चौथ्या सीटवर बसवा, एक पाय पॅसेजमध्ये, मांडीवर दुसऱ्याची बॅग. मग बघू किती शब्द होतात पाव तासात 😄

नायगावकरीण

@बदलापूर_स्लो कथा आधी हे पटलं. पण आमच्या लेडीज डब्यात पेन्सिल काढली तर शेजारणीचा डोळा जाईल. आणि ते "बायको साफ प्रत काढायची" वालं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो हसला आणि पाणी भरायला गेला.

मोबाइलवर मला फक्त तुटक काहीतरी जमतं, एखादं वाक्य, कुणी काय बोललं ते. पण खरं सांगू का, वेळ मिळाला तरी होत नाहीये. मागे ऑफिसला सलग सुट्टी होती, घरी कुणी नव्हतं, तेव्हाही मी कथा सोडून ब्लॉगचे जुने फोटो नीट लावत बसले. म्हणजे गडबड दुसरीकडे आहे.

शाईची_दौत

गडबड दुसरीकडेच आहे गं. तू ब्लॉगमध्ये आजी समजावून सांगितलीस. का, कशी, कधी, तिच्यासारख्या बाकीच्या बायका कोण, सगळं. वाचणाऱ्यांनी वा वा केलं, तुझा जीव शांत झाला. आता कथेला तिच्याबद्दल विचारायला काही शिल्लकच नाही. कथा लिहायला आपल्याला स्वतःलाच काहीतरी कळत नसावं लागतं, आणि ब्लॉगमध्ये आपण कळलेलं लिहितो. म्हणून माझ्या मते प्रश्न वेळेचा कमी आणि माल कुठे खर्च करायचा याचा जास्त आहे.

मी स्वतः ब्लॉग लिहिते (पुस्तकांवर आणि थोडं भटकंतीवर) आणि कथाही. माझा एकच नियम, जी गोष्ट मला खटकत राहते ती ब्लॉगवर टाकायची नाही. ती तोंडी पण कुणाला सांगायची नाही, मैत्रिणीला फोनवर सुद्धा नाही, कारण एकदा छान रंगवून सांगून झाली की परत लिहायची भूक जाते. ज्या गोष्टीचं उत्तर माहितीये ती खुशाल ब्लॉगवर जाऊ दे.

त्यामुळे आजीची कथा मेली असं समजू नकोस. पोस्टमध्ये जे गेलं ते गेलं. मला एवढंच सांग की त्या पोस्टमधून तू काय काढून टाकलंस? काहीतरी काढलंच असशील.

गोरेगाव_पूर्व

मला या सगळ्या चर्चेचा सूरच कळत नाही. कथा म्हणजे सर्जनशील आणि ब्लॉग म्हणजे काय पापड लाटणं? नायगावकरीण, तुमची खानावळीवरची पोस्ट माझ्या आईला वाचून दाखवली होती, ती करी रोडची, तिने मला दोनदा थांबवून तिच्या काकूचं सांगितलं. हे कुठल्या कथासंग्रहाने केलंय का आमच्या घरात? नाही. मराठीत ललित लेखनाची एवढी मोठी परंपरा असून आपण अजून कथा कादंबरी म्हणजे वरचा मजला आणि बाकी सगळं पोटमाळा असं का धरून चालतो?

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. चाळी आता पडतायत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून दोनशेच्या वर इमारती, प्रत्येकीत ऐंशी खोल्या, त्या खोल्यांमध्ये जी ऐंशी नव्वदीची माणसं आहेत ती तुमची कथा पिकेपर्यंत थांबणार नाहीयेत. गिरणीचा भोंगा ऐकलेली माणसं दरवर्षी कमी होतायत. कथा पाच वर्षांनी लिहा, दहा वर्षांनी लिहा. ब्लॉग आत्ताच लिहायला हवा. बंद वगैरे अजिबात करू नका.

शाईची_दौत

@गोरेगाव_पूर्व म्हातारी माणसं थांबणार नाहीत हे शंभर टक्के खरं, त्यावर वादच नाही. पण ऐकून ठेवणं आणि पोस्ट करणं ही दोन वेगळी कामं आहेत ना. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव, तारीख, नाव, चाळ नंबर टाकून ठेव, दोन ठिकाणी कॉपी ठेव. ते वाया जात नाही. त्यातलं ब्लॉगवर काय जाईल आणि कथेसाठी काय राहील ते सावकाश ठरव. आज ऐकलं म्हणून रविवारी छापलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय? ही घाई आपल्याला स्टॅट्सचं पान लावतं.

वरचा मजला पोटमाळा मी म्हटलेलं नाही. मला ब्लॉग पण आवडतो. पण तिला कथा लिहायचीये, ती तसं म्हणतेय, तर "ब्लॉग पण छानच आहे की" हे उत्तर झालं का?

माटुंगा_रोडचे_काका

मी इथे फारसा लिहीत नाही, वाचतो. पण विषय जुना आहे म्हणून लिहितो.

ब्लॉग हा शब्द नवा, दुखणं जुनंच. आमच्या वेळी त्याला सदर म्हणायचे. जयवंत दळवी यांचं बघा. नोकरी इथे मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात, म्हणजे यूसिसमध्ये. 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या नावाने वर्षानुवर्षं सदर चालवलं, साहित्यातल्या मोठमोठ्या मंडळींची टोपी उडवायची, आणि ज्यांची उडवायचे तेच अंक आला की आधी ते पान उघडायचे. आणि त्याच माणसाने स्वतःच्या नावाने कादंबऱ्या लिहिल्या, नाटकं लिहिली. झोपडपट्टीवरची 'चक्र' १९६३ ची. ठणठणपाळ वाचून 'चक्र' हातात घेतलीत तर हा तोच माणूस यावर विश्वास बसत नाही. मला नेहमी वाटत आलंय की दुसऱ्या नावाचा त्यांना फायदा झाला असणार. सदराचा मिश्कील आवाज त्या नावाकडे राहिला, तो कादंबरीत घुसला नाही. हे माझं मत, त्यांनी असं कुठे म्हटल्याचं मी सांगत नाही.

दुसरे अरुण साधू. पेशाने पत्रकार, रोज बातम्या. पण 'मुंबई दिनांक' वाचा, जे बातमीत मावत नाही ते त्यात आहे. पत्रकारिता सोडून ती लिहिली असती तर ती तशी झाली असती का? मला नाही वाटत. त्यामुळे नायगावकरीण बाई, ब्लॉग तुमचं काही खात नाहीये. तुम्ही तिथे बोलता त्याच आवाजात कथेत बोलताय, एवढंच. पात्राने खोलीत शिरल्यावर खोली मोजू नये. तो तिथेच राहतो, त्याला कशाला मोजायला लागतीये.

नायगावकरीण

काका "तो तिथेच राहतो" हे मी कागदावर लिहून टेबलाजवळ चिकटवलंय!! धन्यवाद.

गोरेगाव_पूर्व, तुमच्या आईंना नमस्कार सांगा आणि त्यांच्या काकूबद्दल मला ऐकायचंय. ब्लॉग मी बंद करत नाहीये, रेकॉर्डिंगचं दौत म्हणते तसं करेन, मला ते कधी सुचलंच नव्हतं की ऐकलेलं लगेच पोस्ट नाही केलं तरी चालतं.

@शाईची_दौत तुझा प्रश्न. काय काढलं. दोन दिवस विचार करत होते उत्तर देऊ का नको.

आजीची एक वही होती. उधारीची. जेवायला येणाऱ्यांची नावं, महिन्याचे पैसे, कुणी किती दिले कुणाचे राहिले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा पगार थांबले, मग जेवणाचे पैसे थांबले, लोक हळूहळू गावाला निघून गेले. आजीने त्यांची पानं एकेक करून काट मारून बंद केली, आले तर देतील नाहीतर राहू दे. पण एकाच्या पानावर काट मारली नाही. तो पैसे बुडवून गेला होता असं घरात सगळे म्हणायचे, आणि त्याची एक ट्रंक आमच्या खाटेखाली होती, माझ्या लहानपणी त्या ट्रंकेवर बसून मी अभ्यास केलाय. आजी त्याचं नाव घेत नव्हती आणि ट्रंक हलवू पण देत नव्हती.

हे पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण ब्लॉग माझी आत्या वाचते, काका वाचतात, त्या माणसाच्या घरचे पण कुणीतरी अजून नायगावात आहेत. ब्लॉगवर सगळ्यांना बरं वाटेल असंच लिहिलं जातं ना. मी कधी ठरवून केलं नाही पण तसंच झालंय, माझ्या ब्लॉगवरची सगळी माणसं गरीब, कष्टाळू आणि एकमेकांना मदत करणारी आहेत. आमच्या मजल्यावर तर तशी दोनच होती 🙈

आणि त्या ट्रंकेचं म्हणजे नंतर काय झालं की

शाईची_दौत

थांब थांब थांब. इथे पण सांगू नकोस!! अर्धवट सोडलंस तेच बरं केलंस. आता ही खिडकी बंद कर आणि फाइल उघड.

सँडहर्स्ट_रोड

अहो असं कसं, आता मला झोप लागणार नाही. ट्रंकेत काय होतं???

अंकाचा_हमाल

ट्रंकेत काय होतं ते छापील अंकात वाचा, हीच माझी विनंती. मी एका दिवाळी अंकाच्या कामात मदत करतो (प्रुफं बघणं, लेखकांच्या मागे लागणं, अंकाचे गठ्ठे उचलणं, म्हणून हे नाव), तर तिकडची बाजू सांगतो कारण ब्लॉगवाल्यांना हे बरेचदा उशिरा कळतं.

बहुतेक अंकांना कथा अप्रकाशित लागते. आणि ब्लॉगवर टाकलेली कथा म्हणजे प्रकाशित झालेली कथा, वाचणारे वीस असोत की वीस हजार. नंतर पोस्ट डिलीट केली तरी ज्यांनी वाचली त्यांनी वाचली, संपादकाला कळलं तर तो विचारतोच. फेसबुकला पण तेच. म्हणजे खानावळीच्या बायकांवर माहितीपर पोस्ट आहे म्हणून त्याच विषयावरची कथा नाकारतील असं नाही, तो वेगळा मजकूर आहे, पण कथेतले तुकडे "कशी वाटतेय सांगा" म्हणून ब्लॉगवर टाकू नका. दोन-तीन वाचणारे हवे असतील तर ईमेलने पाठवा.

वेळेचं गणित उलटीकडून करा. दिवाळी ऑक्टोबर नाहीतर नोव्हेंबरात, पण मजकूर जून-जुलैपासून गोळा होतो आणि गणपतीच्या सुमारास पानं लागायला लागतात. सप्टेंबरात आलेली चांगली कथा आम्ही हळहळत बाजूला ठेवतो. तेव्हा जमणार असेल तर मे महिन्यात पहिला खर्डा पूर्ण, मग महिनाभर त्याच्याकडे बघायचं नाही, त्या महिन्यात पाहिजे तेवढा ब्लॉग लिहा, तोच खरा ब्लॉगचा सीझन. किती शब्दांची, युनिकोडमध्ये चालेल का, हे प्रत्येक अंकाचं वेगळं असतं, आधी विचारून घ्या. 'मासिक मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून लेखक उशीर करतायत आणि संपादक चिडतायत, त्यात भर घालू नका.

आणि तुमचं नाव काढून पोस्ट फिरली त्याबद्दल, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तुम्ही लिहिलं त्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो, नोंदणीची सक्ती नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या मागे धावणार हा प्रश्न आहेच, पण निदान मजकुराच्या मध्येच कुठेतरी ब्लॉगचं नाव येईल असं लिहा. खाली सही केली तर लोक फक्त सहीच कापतात.

गोरेगाव_पूर्व

वहीचं वाचून मी माझं थोडं मागे घेतो. थोडंच. ब्लॉगवर सगळी माणसं गरीब आणि कष्टाळू होतात हे मी आजवर वाचलेल्या प्रत्येक चाळीच्या आठवणीला लागू आहे आणि मला ते कधी टोचलं नव्हतं, आज टोचलं. पण मग मी म्हणेन ब्लॉगवर पण खरं लिहा की! एखादा भांडकुदळ माणूस येऊ दे. आईची काकू अजिबात कष्टाळू नव्हती, दिवसभर पत्ते खेळायची असं आई सांगते, तिचं रेकॉर्डिंग मी या शनिवारी करतोय.

बदलापूर_स्लो

ते करा आणि मुंबईत बसायला जागा नाही म्हणणाऱ्यांसाठी, दादरला कुठल्याही सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसून बघा. पेपर वाचणारे आजोबा आणि स्पर्धा परीक्षावाली मुलं, बोलायला कुणी नाही. मी महिन्यातून एखादा शनिवार जातो, मोबाइल बॅगेत.

नायगावकरीण

सगळ्यांचे आभार. ठरलं असं की ब्लॉग आता पंधरा दिवसांनी एकदा, वाचकांना तसं सांगून टाकलं, दोन-तीन जण रुसलेत, बघू. रविवारची सकाळ कथेची, ब्लॉग शुक्रवारी रात्री, दमलेल्या डोक्याने. फाइल उघडली, वहीपासून सुरुवात केली, क्षेत्रफळ अजून आलेलं नाही.

आता अडकलेय ते वेगळ्याच ठिकाणी. हमालभाऊ, काका, कुणीही सांगा. त्या माणसाच्या घरच्यांना ओळखू येऊ नये म्हणून काय काय बदलायचं? नाव बदललं, गिरणी बदलली, खातं पण बदललं, तो साच्यावर, म्हणजे मागावर, होता त्याला मी रंगखात्यात टाकलं. पण गाव बदलू गेले तर त्याचं बोलणंच जातं, तो मालवणी बोलायचा आणि त्याशिवाय तो मला ऐकूच येत नाही.

अंकाचा_हमाल

ट्रंकेची जागा पण बदला, पोटमाळ्यावर टाका. घरचे लोक असल्या वस्तूवरून पटकन ओळखतात, नावावरून नाही.

माटुंगा_रोडचे_काका

मालवणी राहू द्या. गिरणगावात मालवणी बोलणारे एवढे होते की तेवढ्या खुणेवर पोलिसांना पण माणूस सापडला नसता.